सतरा नंबरचं गाणं

अप्पांचा एमपीथ्री प्लेअर काडेपेटीपेक्षा लहान होता. निळा पत्रा, मागे चिमटा, पुढे गोल बटण. २०११ साली नवी पेठेतून दीडशे रुपयांना आणलेला. मी तेव्हा आठवीत होतो आणि वर्गात ‘आमच्याकडे आयपॉड आहे’ असं बिनदिक्कत सांगायचो. तो आयपॉड नव्हता, आयपॉड शफलच्या दुसऱ्या मॉडेलची चिनी नक्कल होती, हे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

खरा शफल ॲपलने जानेवारी २००५ मध्ये आणला. च्युइंग गमच्या पाकिटाएवढा, २२ ग्रॅमचा, ९९ डॉलरचा. ५१२ एमबीत साधारण १२० गाणी. स्वस्त करायचं म्हणून त्याला स्क्रीनच दिला नव्हता. मग कुठलं गाणं लागणार ते कसं कळणार? कळणारच नाही, आणि तीच मजा आहे, असं ॲपलने जाहिरातीत सांगितलं. उणीव हेच वैशिष्ट्य म्हणून विकायची ही कला आमच्या क्षेत्रात आजही जोरात आहे.

सप्टेंबर २००६ चं दुसरं मॉडेल माझ्या मते सगळ्यांत नेमकं. ॲल्युमिनियमचं अंग, शर्टाला लावायचा चिमटा, वजन १५ ग्रॅमच्या आसपास, किंमत ७९ डॉलर. २००९ च्या तिसऱ्यात मात्र हुशारी अंगाशी आली. प्लेअरवरची गाण्यांची बटणं काढून इअरफोनच्या वायरवर नेली, म्हणजे साधा इअरफोन लावला की गाणं बदलायची सोय गेली. बदल्यात तो गाण्याचं नाव बोलून दाखवायचा, सुरुवातीला १४ भाषांत. त्यात ग्रीक होती, स्वीडिश होती. मराठी, कन्नड, तेलुगू, म्हणजे आमच्या गल्लीतली एकही नव्हती. पुढच्याच वर्षी चौथ्या मॉडेलमध्ये बटणं मुकाट परत आली आणि जुलै २०१७ मध्ये शफल बंद झाला.

नक्कल करणाऱ्यांनी उचललं ते दुसरं मॉडेल, पण एक मोठा बदल करून. शफलमध्ये मेमरी आत असायची आणि गाणी भरायला कॉम्प्युटर आणि आयट्यून्स लागायचं. नकलेत मेमरी नव्हतीच, मायक्रोएसडी कार्डाची खाच होती. आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. पण मोबाईलच्या दुकानात पैसे दिले की कार्डात गाणी भरून मिळायची. त्या एका खाचेमुळे ती वस्तू अप्पांपर्यंत पोचली.

अप्पा पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर. बिघडलेले माग दुरुस्त करायचे. आवडेल ते गाणं कानावर पडलं की दुकानात जाऊन कार्डात टाकून आणायचे : प्रल्हाद शिंदे, भीमसेनांचे अभंग, कन्नडमधला राजकुमार. असे पाच वर्षांत त्रेसष्ट ट्रॅक झाले. स्क्रीन नव्हताच. प्लेअर चालू केला की पहिल्यापासून सुरू व्हायचा. कामावरून सायकलीने येताना ते खिशात बोट घालून बटण मोजायचे. नऊदा दाबलं की राजकुमार. शफल नावाच्या वस्तूची नक्कल, आणि तिच्यात शफल काहीच नाही.

२०१६ साली मला लॅपटॉप मिळाला. कार्डात शॉर्टकट व्हायरस दिसला. गाणी लॅपटॉपवर घेतली, कार्ड फॉरमॅट केलं, गाणी परत टाकली. एकही फाईल हरवली नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा कामावरून आले ते थेट माझ्यासमोर. ‘‘काय केलास रे तू ह्यात?’’

‘‘सगळी आहेत की, अप्पा. मोजून बघा.’’

‘‘आहेत, पण जाग्यावर नाहीत.’’

कारण शोधायला मला रात्र लागली. असे स्वस्त प्लेअर गाण्यांची नावं बघत नाहीत. कार्डाच्या फाईल-यादीत ज्या क्रमाने नोंदी असतील, त्याच क्रमाने वाजवतात. अप्पांच्या कार्डावर तो क्रम म्हणजे त्यांनी एकेक गाणं आणलं तो क्रम होता. लॅपटॉपने फाईली नावांप्रमाणे लावल्या आणि परत टाकताना तोच क्रम कार्डावर गेला. जुना क्रम फक्त त्या कार्डात होता, आणि मी तो पुसला होता.

अप्पांना मी हे समजावू लागलो, तर त्यांना आधीच कळलं होतं. चादरीच्या जकार्डला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. एकेक पुठ्ठा फिरत जातो तशी नक्षी उतरते. ‘‘पुठ्ठे तेच, पण मागंपुढं ओवलास तर मोर येईल का?’’

कॉम्प्युटरच्या इतिहासात याच जकार्डच्या मागाचा एक पॅरेग्राफ असतो, पंचकार्डाची सुरुवात म्हणून. तो मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

रविवारी आम्ही बसलो. अप्पा डोळे मिटून टेबलावर बोट दाबत गेले, आणि मी नंबर टाकत फाईली एकेक करून कॉपी केल्या. बासष्ट जुळली. सतरावं काही त्यांना आठवेना, आणि उरलेली फाईल ते म्हणाले ती ही नव्हेच, ही दुकानदाराने आपल्या मनाने टाकलेली.

तरी मी तीच सतरा नंबरला ठेवली, पुढचे आकडे चुकू नयेत म्हणून. ती सुरू झाली की अप्पा बटण दाबायचे.