आजीच्या हातावरचा वण

आपल्या आजीच्या हातावर गोल, खोलगट वण असतो. "लहानपणी देवी काढल्या," असं ती सांगते. त्या वणाची गोष्ट आज आपण ऐकू.

पूर्वी घरात देवी आल्या की माणसं नवस बोलायची. कुणी जायचं, कुणाचे डोळे जायचे. पण जो वाचला त्याला सहसा पुन्हा देवी येत नसत. इंग्लंडमध्ये गाईंच्या सौम्य देवी धारा काढणाऱ्या बायकांच्या हाताला होत आणि मग खरी देवी त्यांना सहसा होत नसे. १७९६ साली डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या एका मुलाला टोचला. पुढे त्या मुलाला देवी झाल्या नाहीत.

तेव्हा फ्रीज नव्हता. एकाच्या फोडातला द्रव दुसऱ्याला टोचत लस बगदाद, बसरा करत मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला ती लागू पडली. तिच्यापासून आणखी पाच मुलांना टोचली, मग ती हैदराबाद, मद्रासकडे गेली. त्या लेकरांना कुणी विचारलं नव्हतं, हेही आपण लक्षात ठेवू.

लस काम का करते, हे जेन्नरना ठाऊक नव्हतं. आज आपल्याला ठाऊक आहे. हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशी तयार होतात. त्यातल्या काही छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होऊन निघतात. मान, काख, जांघेतल्या गाठींत आणि प्लीहेत त्या पहारा देतात. जंतू आला की त्याला ओळखणाऱ्या पेशी झपाट्याने वाढतात. त्यातल्या काही प्रतिपिंडं सोडतात. कुलपाला किल्ली बसावी तशी ती त्या जंतूला चिकटतात. रोग सरला तरी काही पेशी ओळख जपून राहतात. लस हीच ओळख आजाराआधी करून देते. म्हणून टोचल्यावर बाळाचं अंग तापलं, तर शरीर शिकतंय असं समजावं. ताप जास्त वाटला तर आशाताईंना सांगावं.

भारतातून देवी १९७५ मध्ये गेल्या, जगातून गेल्याचं १९८०च्या मे महिन्यात जाहीर झालं. गोवर मात्र अजून आहे. त्याचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. पहिल्या डोसनंतर बाळाला ताप आला म्हणून सासूबाई दुसऱ्याला नको म्हणाल्या, तर त्यांच्याच हातावरचा वण त्यांना दाखवू या.