तळटीप : ‘लाटांना कायदा नव्हता’

* लेखकाचे हे विधान ऐटबाज असले तरी खरे नाही. २३ सप्टेंबर १९३६ रोजी राष्ट्रसंघाच्या छत्राखाली जिनिव्हात रेडिओविषयक करार झाला आणि १९३८ मध्ये तो अमलात आला. त्याचे तिसरे कलम मुळातून वाचण्याजोगे आहे : जी माहिती खोटी असल्याचे प्रसारणकर्त्याला ठाऊक आहे, किंवा ठाऊक असायला हवे, आणि जिने राष्ट्राराष्ट्रांतला सलोखा बिघडेल, ती रोखायची, चूक मागाहून ध्यानात आली तरी लगोलग दुरुस्ती प्रसारित करायची. ‘ठाऊक असायला हवे’ ही खरी मेख. पण ज्यांना आवरायचे ती जर्मनी, इटली, जपान करारात नव्हतीच.

न्युरेम्बर्गच्या युद्धगुन्हे खटल्यात नेमकी हीच मेख नव्हती. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या खात्यातला रेडिओप्रमुख हान्स फ्रित्शे १ ऑक्टोबर १९४६ रोजी निर्दोष सुटला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ‘अथेनिया’ हे प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीनेच बुडवले. फ्रित्शेने मात्र त्या भागात आपली पाणबुडी नव्हती, असे सांगितले. न्यायाधिकरण म्हणाले, माहिती खोटी होती खरी, पण ती त्याला नौदलाकडून आली. अविश्वासाचे त्याला कारण नव्हते. (निवेदकांना हा युक्तिवाद अजून आवडतो.) सोव्हिएत न्यायाधीश निकिचेंको यांनी या सुटकेविरुद्ध भिन्नमत नोंदवले. पुढे जर्मन न्यायालयाने फ्रित्शेला नऊ वर्षांची सजा दिली. १९५० मध्येच तो बाहेर आला. — संपा.