भाग २३ : कच्च्या खिम्याचा पाव

आजचा भाग एका पावामुळे सुचला.

जर्मनीत नोकरीला लागून दोनच आठवडे झाले होते. टीममधल्या एकाचा वाढदिवस होता. त्याने पाव आणले, वर गुलाबी खिमा, वर चिरलेला कांदा. याला म्हणतात 'मेट'. डुकराचा खिमा, आणि पूर्ण कच्चा! माझी आई कोंबडीला दोन शिट्ट्या जास्तच देते, मी त्या घरातला. तरी खाल्ला. खोटं कशाला बोलू, आवडला. त्याने एक पाव बायकोसाठीही बांधून दिला. तिला तेव्हा पाचवा महिना होता.

घरी जाताना ट्रेनमध्ये फोन काढला आणि वाचत सुटलो.

सुरुवात १८३५ सालची, लंडनची. जेम्स पॅजेट नावाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी प्रेताचं विच्छेदन करत होता. स्नायूंत बारीक पांढरे ठिपके दिसले. असे ठिपके आधीही लोकांना दिसले होते, पण कुणी लक्ष दिलं नव्हतं. याने सूक्ष्मदर्शक मिळवून पाहिलं, तर प्रत्येक ठिपक्यात गुंडाळी करून बसलेला एक जंत! रिचर्ड ओवेन यांनी त्याला नाव दिलं, ट्रिकिना स्पायरॅलिस. पण हा निरुपद्रवीच असणार, अशी समजूत पुढची पंचवीस वर्षं टिकली.

ती मोडली १८६० साली ड्रेस्डेनमध्ये. टायफॉइड समजून दाखल केलेली एक तरुण मोलकरीण दगावली. झेंकर यांनी तिचे स्नायू तपासले, तर ते या अळ्यांनी भरलेले. मग हा माणूस तिच्या मालकाच्या घरापर्यंत गेला. तिथे ख्रिसमसला डुक्कर कापलं होतं. उरलेल्या हॅम-सॉसेजमध्ये त्याच अळ्या सापडल्या. (आमच्याकडे याला बग रिप्रोड्यूस करणं म्हणतात. मला तर हा माणूस आमच्याच धंद्यातला वाटतो.)

तरी लोक ऐकेनात. १८६५ साली हेडर्सलेबेन या प्रशियातल्या छोट्या गावात ३३७ जण आजारी पडले, १०१ मेले. गावाची वस्ती जेमतेम दोन हजार. रुडॉल्फ फिरखो यांनी प्रत्येक डुकराची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हावी म्हणून रान उठवलं. खाटीक चिडले, कारण खर्च आणि वेळ दोन्ही त्यांचेच. बिस्मार्कने फिरखोंना द्वंद्वाचं आव्हान दिलं आणि फिरखोंनी शस्त्र म्हणून अळ्यांचं सॉसेज निवडलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आव्हान खरं होतं, पण कारण राजकारणाचं. सॉसेज नंतर कुणीतरी चिकटवलेलं. शेवटी १९०० साली अख्ख्या देशासाठी मांस-तपासणीचा कायदा झाला.

आजची पद्धत तर मला फारच आवडली. शंभर डुकरांच्या पडद्याच्या स्नायूचा एकेक ग्रॅम एकत्र करायचा, पेप्सिन आणि आम्लात विरघळवायचा. मांस विरघळतं, अळ्या उरतात. अळी दिसली तरच बॅच फोडून एकेक डुक्कर तपासायचं. 'मेट' बिनधास्त खाता येतो तो या कामामुळे.

इथवर वाचून मी निवांत झालो होतो. मग लक्षात आलं, ही टेस्ट एकाच बगची आहे. साल्मोनेला, यर्सिनिया, हिपॅटायटिस ई, टॉक्सोप्लाझ्मा यांना ती पकडत नाही. आणि टॉक्सोप्लाझ्मा गर्भापर्यंत पोहोचतो. फ्रीझरचाही भरवसा नाही, गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही. उपाय एकच, विस्तव. अमेरिकेचं कृषी खातं सांगतं ते असं : अखंड तुकडा आतून ६३ अंश सेल्सिअस आणि वर तीन मिनिटं तसाच ठेवायचा, खिमा ७१ अंश. खिम्याला जास्त का? कारण अखंड तुकड्याच्या वरवर असलेले जंतू दळताना सगळीकडे जातात.

स्टेशनवर उतरलो आणि पिशवी कचऱ्यात टाकली. घरी हात धुतले, मगच बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि तू खाल्लास?"

पुढचे तीन दिवस माझं पोट जरा जरी गुरगुरलं तरी ती थर्मामीटर घेऊन यायची. काही झालं नाही. त्याच आठवड्यात कच्च्या मांसाचा चॉपिंग बोर्ड वेगळा आणला, लाल रंगाचा. कोशिंबिरीची काकडी त्यावर चिरायला आजही बंदी आहे.