कवळतोड : उत्तर कोकणातील राबाची झाडे

उत्तर कोकणातील भातशेती दीर्घकाळ ज्या राबावर उभी होती, त्याचा इतिहास सहसा शेतीच्या अंगाने सांगितला जातो. परंतु तो तितकाच झाडांच्या सोसण्याचा आणि पुन्हा फुटण्याचा इतिहास आहे. राब म्हणजे भाताची रोपे जिथे तयार करायची ती जागा पावसापूर्वी भाजून काढणे. हिवाळ्यात ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या पानांसकट फांद्या, म्हणजे कवळ, तोडून वाळवली जाई. पुढे शेण, कवळ आणि गवत यांचे थर रचून त्यांवर बारीक माती पसरत आणि वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावत, म्हणजे ती भडकून न जाता सावकाश धुमसे. त्या धगीने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेतून पोटॅश मिळते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी 1912 मध्ये सहकाऱ्यांसह या पद्धतीचा रासायनिक अभ्यास प्रसिद्ध केला, यावरूनच तिचे महत्त्व ध्यानी येते.

भातखाचरांना जोडून असलेली वरकस जमीन, म्हणजे नाचणी-वरीसारखी हलकी पिके घेण्याची उताराची जमीन, ही कवळ पुरवीत असे. तेथील झाडे मुळासकट न तोडता फक्त छाटली जात, आणि या प्रथेचे सारे शहाणपण याच भेदात आहे. सालीखाली वर्षानुवर्षे निद्रिस्त राहिलेले डोळे फांदी गेल्यावर जागे होतात, कारण शेंड्याकडून येणारा आणि त्यांना दाबून ठेवणारा संप्रेरकांचा प्रवाह तुटलेला असतो. पाने नसताना हे धुमारे खोडात व मुळांत साठवलेल्या पिष्टावर वाढतात. जखम मात्र प्राण्याच्या जखमेसारखी भरून येत नाही; झाड कुजका भाग आतून बंदिस्त करते आणि कडेने नवे लाकूड चढवून त्यावर झाकण घालते. वारंवार एकाच जागी छाटलेल्या झाडाच्या माथ्यावर गाठाळ बोंड तयार होते, ते याच प्रक्रियेमुळे. पिष्टाचा साठा पुन्हा भरण्यास पुरेसा विसावा मिळाला तर झाड हे दीर्घकाळ सोसते; न मिळाल्यास धुमारे दर खेपेस बारीक होत जातात आणि अखेर झाड वठते.

एकोणिसाव्या शतकात कवळतोडीवरून वनखाते आणि शेतकरी यांच्यात झालेल्या वादाचा गाभा हाच विसावा होता, असे मानण्यास आधार आहे. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या, तेव्हा वनखात्याच्या दृष्टीने कवळतोड ही इमारती लाकडाची नासाडी होती, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने ती पुढच्या हंगामाची बेगमी होती. जोतीराव फुले यांनी 1883 मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात वनखात्यावर कठोर टीका केली. 1885 मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या वन आयोगाने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींची चौकशी करून 1887 मध्ये अहवाल दिला. विसाव्याचा प्रश्न येथेच येतो : झाडे पुरेशी असली की पाळीपाळीने तोड करता येते, पण तोडीसाठी खुले क्षेत्र आक्रसले की त्याच मोजक्या झाडांवर दरवर्षी कोयता चालतो. छाटलेल्या ऐनाची दुर्दशा दाखवून शेतकऱ्याला अडाणी ठरवणाऱ्यांनी, ती दुर्दशा किती अंशी सीमारेषेने आणली, हा प्रश्न क्वचितच विचारला, आणि हा त्या शेतकऱ्यावर झालेला मोठा अन्याय होता.

रासायनिक खते आल्यावर राब मागे पडला, तरी रायगड-ठाण्याच्या उतारांवर बोंडे आलेले जुने ऐन अजून आढळतात. छाटणी थांबल्याने त्यांचे हित झाले असे सरसकट म्हणता येत नाही, कारण बोंडावरून फुटलेले धुमारे खोडाच्या गाभ्यातून नव्हे तर वरवरच्या थरातून निघालेले असतात. ते जाड व जड झाले की वादळात सांध्यापाशी फाटतात, आणि अशी झाडे जपायची तर वाढलेला भार एकदम न उतरवता काही वर्षांत टप्प्याटप्प्याने हलका करावा लागतो.