मुलगे, माशा आणि क्रमांक

कादंबरीकाराने संख्याशास्त्रावर लिहावे, हा अव्यापारेषु व्यापार खरा. त्यातून मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला शाळामास्तर. पण या शास्त्राच्या एका शाखेचा आद्य पुरुष लेखकच निघाला, म्हणून हे धाडस. डॉ. जॉन आर्बथनॉट हा इंग्लंडच्या ॲन राणीचा वैद्य आणि स्विफ्ट-पोप यांचा स्नेही. १७१२ मध्ये 'जॉन बुल' हे पात्र जन्माला घातले ते यानेच.

१७१० साली त्याने लंडनमधील बाप्तिस्म्यांच्या नोंदी तपासल्या. १६२९ मध्ये मुलगे ५,२१८ आणि मुली ४,६८३. तेथून १७१० पर्यंतच्या ८२ वर्षांत मुली अधिक, असे एकही वर्ष नाही! किती अधिक, हे त्याने बाजूला ठेवले. अधिक की उणे, एवढेच पाहिले. नाणे ८२ वेळा उडवून प्रत्येक वेळी छापाच पडण्याचा संभव ४८ वर २३ शून्ये मांडावीत, इतक्यांत एक. तेव्हा मुलगा-मुलगी यांचा संभव समसमान नाही, हे सिद्ध झाले. पण डॉक्टर तेथे थांबले नाहीत. ही ईश्वरी योजना, सबब बहुपत्नीत्व निसर्गविरुद्ध, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. पुढे निकोलस बर्नुलीने दाखवले, की ३५ बाजूंचा फासा घ्यावा, १८ बाजू मुलाच्या, १७ मुलीच्या. मग हे आकडे निव्वळ दैवगतीनेही पडतात.

पुढे शास्त्रज्ञांना सवय जडली, ती मापे घंटेच्या आकाराच्या वक्रात बसतात असे गृहीत धरण्याची. ते गृहीत नको म्हणणाऱ्या रीतींना जेकब वोल्फोविट्झ याने १९४२ मध्ये 'अप्राचलीय' या अर्थाचे नाव दिले. १९४५ मध्ये फ्रँक विल्कॉक्सन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने त्यांतली एक सोपी रीत छापली. माशा मारण्याच्या दोन फवाऱ्यांच्या प्रत्येकी आठ चाचण्या. सोळाही निकाल चढत्या क्रमाने लावायचे, क्रमांक द्यायचे, बेरीज करायची. फवारे सारखेच असते तर प्रत्येकाची बेरीज ६८ च्या आसपास आली असती. आली ९१ आणि ४५. दैवयोगाने इतका फरक क्वचितच पडेल; पहिला फवारा सरस ठरला.

मास्तराला या रीतीचे कौतुक वाटणारच. एखादा आकडा भलताच मोठा आला, तरी त्याला शेवटचाच क्रमांक. साऱ्या वर्गाची सरासरी तो बिघडवू शकत नाही. पण क्रमांकाचे उणेपणही मास्तरच जाणतो. पहिला आणि दुसरा यांच्यात एका गुणाचे अंतर आहे की चाळीसांचे, हे क्रमांक सांगत नाही. आज औषधांच्या आणि मनाच्या परीक्षांत या रीती सर्रास वापरतात. गृहीते थोडी, म्हणून निकाल भक्कम, हे खरे; परंतु फरक आहे एवढेच तो निकाल सांगतो. तो का आहे, हे मात्र आपणच शोधायचे असते. आर्बथनॉटचे गणित चुकले नव्हते. त्याने त्या गणिताच्या तोंडी नको ती साक्ष घातली होती.