चित्रकथाकारांचा उत्तरकालीन गौरव

चित्रकथाकारांचा उत्तरकालीन गौरव : चित्रकथा रेखाटण्यात हयात घालवलेल्या चित्रकारांना वार्धक्यात किंवा मृत्यूनंतर लाभलेली सार्वजनिक मान्यता. भारतात ती उशिरा आली, आणि सर्वांच्या वाट्याला आली नाही.

महाराष्ट्रातील मोठा दाखला ‘अमर चित्र कथा’चा. अनंत पै यांच्या संपादनाखाली 1967 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या मालिकेतला ‘कृष्ण’ राम वाईरकर यांनी चितारला. पुण्याचे प्रताप मुळीक हे तिचे दुसरे आधारस्तंभ. चित्रकाराचे नाव आत छापलेले असे, पण ते वाचतो कोण? देवादिकांवर आणि इतिहासपुरुषांवर चित्रकाराला हक्क सांगता येत नव्हता. ‘टिंकल’ या मुलांच्या मासिकातल्या सुपंदी या पात्राचेही तेच. मूळ कल्पना तिरुचिरापल्लीच्या पी. वरदराजन या वाचकाची; 1983 मध्ये सुपंदीला चेहरा आणि तो निमुळता माथा दिला वाईरकरांनी, नाव झाले मासिकाचे. वाईरकर 2003 मध्ये वारले. पुढे त्यांची कन्या अर्चना आंबेरकर सुपंदी रेखाटू लागल्या. मुळीकांचे निधन 2006 मधले. ‘राज कॉमिक्स’च्या नागराज या नायकाला आरंभीचे रूप त्यांनी दिले, त्यामुळे हिंदी वाचकांत त्यांचे नाव आजही निघते, मराठीत मात्र क्वचितच. पद्म सन्मान दोघांनाही मिळाला नाही.

याउलट हिंदी चित्रकथाकार प्राण यांचा चाचा चौधरी त्यांच्याच नावाने ओळखला गेला. त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती 2015 मध्ये, निधनानंतर काही महिन्यांनी. बंगालीतले ‘बाँटुल दी ग्रेट’चे जनक नारायण देबनाथ यांना 2021 मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी पद्मश्री मिळाली, जानेवारी 2022 मध्ये ते वारले. सरकारी कौतुकाची ही गती लक्षात घेण्याजोगी आहे.

परदेशातही फार वेगळे घडले नाही. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल व जो शुस्टर यांनी त्याचे हक्क 1938 मध्ये 130 डॉलरला विकले. त्यांना निवृत्तिवेतन मिळाले आणि अंकावर नाव परत आले ते 1975 मध्ये, तेही वृत्तपत्रांतून बोभाटा झाल्यावर.

हास्यचित्रकारांची गोष्ट निराळी. बेळगाव जिल्ह्यातील भोज येथे 1925 मध्ये जन्मलेले, कोल्हापुरात शिकलेले शि. द. फडणीस स्वतःच्या सहीने मुखपृष्ठे करत आणि ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन भरवत राहिले. व्यंगचित्रकारांच्या बंगळुरूच्या संस्थेने 2001 मध्ये त्यांना जीवनगौरव दिला, तेव्हा मराठी घरांत त्यांची ओळख करून देण्याची गरज उरली नव्हती.