चौकट झाडावर बसली

सध्या मुक्काम बेंगळुरूला. इंदिरानगरच्या डिफेन्स कॉलनीत सकाळी फिरायला निघालं की निवृत्त मंडळी भेटतात. गप्पा पेन्शन आणि गुडघेदुखीवरून सुरू होऊन तोफांवर येतात. परवा तोफखान्यातले एक कर्नलसाहेब म्हणाले, "हे कॅमेऱ्याचं ट्रॅकिंग म्हणजे काय रे? आमच्या वेळी जवानाचा डोळा होता." चालता चालता उत्तर पुरं झालं नाही, म्हणून इथे लिहितो.

तोफखान्याचा जुना प्रश्न अंदाजाचा. विमान आत्ता इथे आहे, गोळा पोचेल तेव्हा कुठे असेल? चुकार नोंदींतून असा अंदाज बांधायचं गणित रुडॉल्फ काल्मन यांनी 1960 मध्ये मांडलं. पुढे अपोलो यानांनीही ते वापरलं. पण कॅमेऱ्यात आधी लक्ष्य ओळखू यायला हवं. 1981 मध्ये ब्रूस लुकास आणि ताकेओ कानाडे यांनी चित्रातला तुकडा पुढच्या चित्रात किती सरकला ते काढायची रीत दिली. त्यांना खरं तर दोन कॅमेऱ्यांतून अंतर मोजायचं होतं! इथून जवळच सी. व्ही. रामन नगरात डीआरडीओची 'केअर' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा आहे. ती 1986 मध्ये सुरू झाली, तेव्हा मी बालवाडीत डबा सांडत होतो.

काही वर्षांपूर्वी राजस्थानात सराव चालू होता. पडद्यावर जीपभोवती चौकट. जीप खेजडीमागे गेली आणि आमचा साताऱ्याचा हवालदार ओरडला, "साहेब, गाडी गेली, चौकट झाडावर बसलीय!" यंत्र मात्र ठाम होतं.

असं का होतं? लक्ष्य वळतं, सावलीत जातं, म्हणून यंत्र दर चित्रागणिक आपली आठवण बदलत राहतं. त्यात थोडं झाड मिसळलं की पुढच्या वेळी ते झाडच शोधतं. 2010 मध्ये डेव्हिड बोल्मे आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला 669 चित्रं हाताळणारी पद्धत काढली. तिच्यात एक शहाणपण होतं: खात्री घसरली की शिकणं थांबवायचं. 2012 नंतर डीप लर्निंग आलं. 2016 मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने सयामी जुळ्यांसारखी जोडलेली दोन जाळी वापरली. एक पहिल्या चित्रातलं लक्ष्य पाहतं, दुसरं आत्ताचं दृश्य, आणि दोन्ही ताडून सारखेपणा शोधायचा. आठवण बदलतच नाही, त्यामुळे झाड मिसळत नाही. पण शेजारून तशीच दुसरी जीप आली, तर तिच्यावर उडी पडू शकते. आमच्या धंद्यात ती दुसरी जीप गावकऱ्याची असू शकते. झाडाचं मी हसून सांगतो, याचं नाही.

कर्नलसाहेबांना एवढं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मग हवालदाराने झाडापलीकडची गाडी कशी ओळखली?"

"डाव्या बाजूची ताडपत्री फाटलेली होती, सर. त्याने आधीच हेरून ठेवलं होतं."

"आणि गाडी उजवी बाजू दाखवत निघाली असती तर?"

"तर तो म्हणाला असता, साहेब, सांगता येत नाही."

कर्नलसाहेब थांबले. "तुझं यंत्र असं म्हणतं का?"